घरबसल्या पक्षीनिरीक्षण (नागपूर)

खिडकी, सज्जा, गच्ची किंवा अंगण न सोडता, रोजची कामे करता करता रानपक्षी पाहण्याची आणि जमल्यास त्यांची नोंद ठेवण्याची सवय. पिंजऱ्यातला पोपट यात येत नाही. अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावावर दुर्बीण घेऊन जाणे हा वेगळा प्रकार. तिथे दिवसाला नवे पक्षी मोजतात. इथे तेच पक्षी वर्षभर काय करतात हे कळते.

धरमपेठ, रामदासपेठेसारख्या जुन्या ले-आउटांतल्या आवारांत कडुनिंब, आंबा, पेरू, शेवगा असतातच, आणि सिव्हिल लाइन्स व सेमिनरी हिल्सची झाडी शहराच्या पोटात आहे. त्यामुळे राखी धनेशासारखा पक्षीही घरून दिसू शकतो. तो उंबर-पिंपळाच्या फळांवर येतो. विणीच्या वेळी मादी ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. त्यासाठी ढोलीचे म्हातारे झाड लागते. बंगल्याच्या जागी फ्लॅट स्कीम आली की आधी तेच तोडले जाते.

या सवयीचा खरा हंगाम मात्र उन्हाळा. पारा ४५ अंशांकडे सरकला की माणसे दुपारी पडदे ओढून कूलरपुढे पडतात. अशा वेळी, विशेषतः नवतपात (मे अखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत), सावलीत ठेवलेल्या पाण्याच्या परळीवर साळुंक्या, बुलबुल, सातभाई, होले, दयाळ पाळीपाळीने येतात. चोच उघडी, पंख अंगापासून सैल. पक्ष्यांना घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग निववतात. परळ उथळ असावी, मध्ये एखादा दगड ठेवावा आणि पाणी रोज बदलावे, नाहीतर डासांची सोय होते. धान्य टाकण्याचे पुण्य बहुतेक वेळा पारव्यांच्याच पदरात पडते आणि विष्ठा शेजाऱ्यांच्या सज्ज्यात.

कूलर हीसुद्धा विणीची जागा आहे. हिवाळाभर बंद असलेल्या कूलरवर किंवा त्याच्या स्टँडवर होला (पारव्यापेक्षा लहान, त्याच्याच कुळातला पक्षी) चार काड्या टाकतो आणि त्यालाच घरटे म्हणतो. मार्चमध्ये खस बदलायला गेले की दोन पांढरी अंडी सापडतात. अंडी उबायला सुमारे दोन आठवडे, पिल्ले उडायला साधारण तेवढेच. महिनाभर कूलर लावायचा की नाही यावर घरात वाद होतो; घरात आजी असेल तर बहुधा होला जिंकतो.

वर्षाचे वेळापत्रक खिडकीतूनच लागते. पळस-सावर फुलले की मधासाठी पळसमैनांचे थवे उतरतात. मग तांबटाची टुकटुक आणि कोकिळाची हाक. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो आणि मृगाच्या सुमारास चातक येतो. चातक आणि पावशा अंडी सातभाईच्या घरट्यात घालतात, कोकिळा कावळ्याच्या. कोकिळेचे पोर भरवणारा तो कावळा वर्षभर हाकलला जातो. पितृपक्षात मात्र त्याची वाट पाहत घास ठेवून सारे घर ताटकळते. हिवाळ्यात गच्चीवर धोबी आणि थिरथिरा दिसतात. रात्री ओरडणाऱ्या पिंगळ्याला अजूनही कुणी अशुभ मानते. तो बिचारा किडे आणि उंदीर टिपत असतो.

नोंदीला तारीख, वेळ, संख्या आणि पक्षी काय करत होता एवढे पुरते. अनेक वर्षे नागपुरात राहिलेले वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षीकोशा’त पक्ष्यांची मराठी नावे सापडतात. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोहोंमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. फेब्रुवारीतल्या जागतिक पक्षीगणनेत घरूनही भाग घेता येतो. किमान १५ मिनिटे मोजावे लागते.

जानेवारी हा नागपूरच्या पक्ष्यांचा वाईट महिना. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर कडुनिंबाच्या शेंड्यांत तो लोंबत राहतो आणि घारी, बगळे, पारवे त्यात अडकतात. अडकलेल्या पक्ष्याचा दोरा ओढू नये, तो अधिकच रुततो. पक्ष्यावर कापड टाकून त्याला शांत करावे, मग दोरा दोन्ही बाजूंनी कापावा.