मॉर्वेन्स्टो : एका व्हिक्टोरियन पॅरिशची पार्श्वभूमी

इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्याच्या उत्तर टोकाला, अटलांटिकच्या उभ्या कड्यांवर मॉर्वेन्स्टो हे लहानसे पॅरिश वसले आहे. त्या काळी पॅरिश म्हणजे केवळ एका चर्चची हद्द नव्हती. गरिबांच्या पोषणाचा भार 1601च्या कायद्याने पॅरिशवर टाकला होता, आणि त्यासाठी कर बसवण्यापासून रस्त्यांच्या डागडुजीपर्यंतचा कारभार व्हेस्ट्री नावाच्या सभेत चालत असे.

1834च्या अखेरीस रॉबर्ट स्टीफन हॉकर येथे व्हिकार, म्हणजे पॅरिशचे धर्मगुरू, म्हणून नेमले गेले. त्यापूर्वी शतकभराहून अधिक काळ या पॅरिशला गावात राहणारा व्हिकारच नव्हता. उत्पन्न एका गावचे आणि मुक्काम दुसरीकडे, हा प्रकार तेव्हा सर्रास चाले. 1838च्या कायद्याने त्याला बराच आळा घातला. मात्र धर्मगुरू गावात राहू लागले त्याच दशकांत पॅरिशचे ऐहिक अधिकार एकेक करून कमी होत गेले. 1834च्या गरीब कायद्याने मदतीचा कारभार अनेक पॅरिशांच्या संघाकडे आणि त्याच्या वर्कहाऊसकडे, म्हणजे गरिबांना ठेवून काम करवून घेणाऱ्या आश्रयगृहाकडे, गेला. 1836 साली चर्चला धान्याच्या रूपात द्यायच्या दशमांशाऐवजी (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाऐवजी) गहू, जव आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर आधारलेली रोख आकारणी ठरली, तर 1837पासून जन्ममृत्यूची नोंद सरकारी निबंधकाकडे होऊ लागली.

हॉकर यांच्या विक्षिप्तपणाचे किस्से पुष्कळ सांगितले जातात. त्यांचे खरे काम समुद्रकाठी दिसते. किनाऱ्याला लागलेली प्रेते पॅरिशच्या दफनभूमीत पुरावीत, असा कायदा 1808 सालीच झाला होता. तोवर ती बहुधा वाळूतच पुरली जात. तरीही कड्याच्या पायथ्यापासून ती वर वाहून आणणे सोपे नव्हते. हॉकर यांनी चाळीसहून अधिक खलाशांचे रीतसर दफन केले. 1842 साली फुटलेल्या ‘कॅलेडोनिया’ जहाजाच्या पुढच्या टोकावरील मूर्ती त्या खलाशांच्या कबरींवर उभारण्यात आली. 1843च्या शरदात त्यांनी सुगीबद्दल आभार मानण्यासाठी गावकऱ्यांना चर्चमध्ये बोलावले, आणि आजच्या इंग्लिश सुगी-उत्सवाचा आरंभ सहसा तेथूनच मानला जातो.

हॉकर 1875 साली वारले. त्याआधीच, 1868 साली, चर्चसाठीच्या कराची सक्ती रद्द झाली होती. पुढे 1894च्या कायद्याने ग्रामीण पॅरिशांतील व्हेस्ट्रीचा ऐहिक कारभार निवडून आलेल्या परिषदांकडे, आणि जेथे वस्ती 300हून कमी होती तेथे प्रामुख्याने गावसभेकडे सोपवला. व्हेस्ट्रीचे अध्यक्षपद व्हिकारांना पदसिद्ध मिळत असे. नव्या परिषदेत तो हक्क उरला नाही.