मजुरी थकणं वेगळं, पेटी ठेकेदाराचं बिल थकणं वेगळं

साईटवर एक सल्ला कायम ऐकायला मिळतो. मेन काँट्रॅक्टरने पैसे बुडवले ना, मग सरळ बिल्डरकडे जा, कायद्याने त्याला द्यावेच लागतात. हा सल्ला अर्धा खरा आहे, आणि गंमत अशी की तो ज्याला दिला जातो त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा खोटा अर्धाच येतो. मजुरांची मजुरी थकली तर मालकाला, म्हणजे ज्याचं काम आहे त्या बिल्डरला, ती द्यावी लागते हे बरोबर. पण ज्याने मेन काँट्रॅक्टरकडून प्लास्टर, शटरिंग, प्लंबिंग रेटवर घेतलं आणि पूर्ण करून दिलं त्या पेटी ठेकेदाराचं बिल मेन काँट्रॅक्टरने दाबून ठेवलं तर मालकावर तसलं काहीही बंधन नाही.

आधी मजुरीचं बघू, कारण ते सोपं आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात नियम होता की ठेकेदाराने मजुरी वेळेत दिली नाही किंवा कमी दिली तर मूळ मालकाने ती भरायची आणि नंतर ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झाले, जुना कायदा गेला, पण हा नियम नवीन कोडमधेही तसाच आलाय, फक्त आता तो ज्या ठिकाणी ठेक्याचे ५० किंवा जास्त कामगार आहेत तिथे लागतो. ठेकेदाराला लायसन्स लागतं तेही याच कायद्याखाली. आता लायसन्स म्हटलं की लोकांना वाटतं हा माणूस पैशाला पक्का असणार, सरकारने तपासून घेतलाय. तसं नाहीये. ते लायसन्स कामगार ठेवण्याचं असतं, तुमचं बिल देण्याची हमी त्यात कुठेच नसते. पीडब्ल्यूडीकडची ठेकेदाराची नोंदणी ही तर अजून वेगळी गोष्ट, ती फक्त केवढ्या रकमेची टेंडरं भरता येतात ते ठरवते.

मजुरीला तारीखसुद्धा असते. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, आणि माणूस काम सोडून गेला किंवा काढला तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब. थकलेल्या मजुरीसाठी तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो आणि मूळ रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई द्यायला लावता येते. एवढं संरक्षण का, तर हजेरीवरच्या माणसाकडे थांबायची ताकद नसते.

आता बिल. इथे कायदा विचारतो की तुझा करार कोणाशी झाला? वर्क ऑर्डर मेन काँट्रॅक्टरने दिली, रेट त्याने ठरवला, मेजरमेंट त्याच्या इंजिनिअरने घेतलं, मग देणेकरी तोच, बिल्डर नाही आणि सरकारही नाही. सरकारी कामात तर अजून वाईट, कारण टेंडरच्या अटीतच असतं की परवानगीशिवाय काम दुसऱ्याला द्यायचं नाही, त्यामुळे कागदावर पेटी ठेकेदार अस्तित्वातच नसतो. जुलै २०२५ मधे सांगली जिल्ह्यात जलजीवनची कामं केलेल्या एका तरुण ठेकेदाराने आत्महत्या केली तेव्हा सरकारच्या बाजूने हेच उत्तर आलं होतं, की त्याच्या नावावर बिल बाकी नाही, तो सब-काँट्रॅक्टर असावा. ऐकायला निर्दयी आहे पण हिशोबाच्या वहीत खरंच तसंच दिसतं, आणि पेटी ठेकेदार दरवेळी मार खातो तो इथेच.

खरा पेच पुढे आहे. कायद्यात ठेकेदार या शब्दात सब-काँट्रॅक्टरही येतो. म्हणजे तुम्ही सात-आठ गवंडी आणि बिगारी घेऊन काम करत असाल तर तुमच्या माणसांच्या दृष्टीने ठेकेदार तुम्हीच. वरून पैसे आले नाहीत हे कारण मेन काँट्रॅक्टर तुम्हाला ऐकवतो आणि तुम्हाला ते ऐकून घ्यावं लागतं, पण तेच कारण तुम्ही मजुरांना दिलं तर चालत नाही, त्यांची मजुरी ७ तारखेला देणं लागतंच. अडकित्त्यात सुपारी असते तशी अवस्था. म्हणून पेटी ठेकेदार उचल घेतो, बायकोचे दागिने ठेवतो आणि लेबरला पैसे देतो, आणि एकदा लेबरला पैसे दिले की मालकाला जबाबदार धरणारा नियम त्याच्या बाबतीत संपतो कारण थकलेली मजुरी उरलेलीच नसते, उरतं ते त्याचं बिल.

काही जण डोकं चालवतात आणि मजुरांनाच लेबर ऑफिसला पाठवतात. दबाव येतो हे खरं, मालक घाबरून पैसे सोडतो पण. फक्त त्यातून काय मिळतं ते नीट बघा. समजा तुमचं प्लास्टरचं बिल १० लाख आहे, त्यात मजुरी ६ लाख आणि बाकीचे ४ लाख म्हणजे परांचीचं भाडं, मुकादमी, तुमचा नफा. मालकाने ६ लाख मजुरांना दिले, ते मेन काँट्रॅक्टरच्या बिलातून कापले, त्याने लगेच तुमच्या नावाने डेबिट नोट काढली, म्हणजे तेवढे तुमच्या बिलातून वजा केले. तुमचे ४ लाख आहेत तिथेच आहेत, वर काँट्रॅक्टर चिडलेला.

मी मजूर की ठेकेदार हे कसं कळायचं? छोट्या टोळीच्या मिस्त्रीला हा प्रश्न खरंच पडतो. तो स्वतः थापी धरतो आणि चार माणसं पण आणतो. नाव साईटच्या मस्टरवर (हजेरीपटावर) आहे आणि हजेरीने पैसे मिळतात तर तो कामगार. स्क्वेअर फुटाने रेट घेतलाय, बिल देतो, आणि पैसे देताना ठेकेदारीचा टीडीएस कापतात (एकट्या माणसाला १ टक्का, फर्म किंवा कंपनीला २), तर समोरच्याने त्याला ठेकेदार धरलाय. टीडीएस कापलेला दिसणं तसं चांगलंच, म्हणजे काम दिल्याचा पुरावा त्यानेच सरकारकडे भरला.

बिलवाल्याच्या हातात मग काय आहे? उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला २००६ च्या एमएसएमई कायद्याने ४५ दिवसांची मर्यादा दिलीय, करारात ९० दिवस लिहिले असले तरी ४५ च धरायचे, आणि काहीच ठरलं नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. अशा थकबाकीचे वाद याच कायद्याखालची सरकारी परिषद ऐकते, तिने निकाल दिला आणि समोरच्याला त्याविरुद्ध कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कागदावर झकास. पण मुंबई हायकोर्टाने काही निकालांत म्हटलंय की मटेरियलसकट घेतलेलं बांधकामाचं काम, म्हणजे वर्क्स काँट्रॅक्ट, या कायद्यात बसत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात विथ मटेरियल घेणाऱ्याची वाट अवघड होते आणि नुसतं लेबर रेटवर घेणाऱ्याला युक्तिवादाला थोडी जास्त जागा मिळते. मटेरियल आणि लेबर दोन्हीची एकच वर्क ऑर्डर करणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा, भांडण झाल्यावर केलेल्या नोंदणीवरून वेगळाच वाद उभा राहतो.

नाहीतर मग दिवाणी दावा आहेच, त्याला साधारण तीन वर्षांची मुदत, आणि बहुतेक करारात पेमेंटची तारीख ठरलेली नसते तेव्हा ही मुदत काम झाल्यापासूनच धावते, फायनल बिल कधी सर्टिफाय होतं त्याची ती वाट बघत नाही. फोनवरच्या बघू-करूने या मुदतीला काही फरक पडत नाही, मुदत संपायच्या आत सहीचं लेखी कबुलीपत्र मिळालं तर मात्र ती तिथून नव्याने सुरू होते. चेक दिला असेल आणि बाऊन्स झाला तर ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला १५ दिवस, नंतर एका महिन्यात तक्रार, तारखा चुकवू नका. पोलिसांकडे गेलात तर बहुतेक ठिकाणी एवढंच ऐकायला मिळेल की हे सिव्हिल मॅटर आहे.

आणि दोन्ही वह्या वेगळ्या ठेवा. मजुरांना दिलेल्या पैशाच्या पावत्या, बँक एन्ट्री, हजेरी एकीकडे. वर्क ऑर्डर, जॉइंट मेजरमेंट शीट, साईट इंजिनिअरची सही असलेली आरए बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलेली) दुसरीकडे. पहिली वही नसली तर तुम्हीच मजुरी बुडवली असं काँट्रॅक्टर म्हणू शकतो, आणि दुसरी नसली तर काम झालंच नाही असं.