मदिनेतील खजूर : एका फळाच्या मानाची पार्श्वभूमी

रमजानमध्ये सूर्यास्ताला रोजा सोडताना आधी खजूर तोंडात घालण्याची प्रथा जगभर पाळली जाते, आणि ती पाहून खजूर हा इस्लाममधील एक प्रकारचा प्रसादच असावा, असा अनेकांचा समज होतो. इस्लाममध्ये झाडाची किंवा फळाची पूजा नाही. खजुराला जो मान मिळाला, त्याचे मूळ सातव्या शतकातील मदिनेच्या शेतीत आणि देण्याघेण्यात आहे, आणि ते ध्यानात घेतले की कुराण व हदीस (प्रेषित मुहंमदांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) यांमधील त्याचे बरेचसे उल्लेख सहज उलगडतात.

मक्का ही नापीक दरीत वसलेली व्यापारी नगरी होती. याउलट इ.स. 622 मध्ये प्रेषित मुहंमद ज्या यस्रिबला, म्हणजे पुढच्या मदिनेला, स्थलांतरित झाले, ते ज्वालामुखीच्या काळ्या खडकांनी वेढलेले, विहिरींच्या पाण्यावर जगणारे आणि खजुराच्या बागांचे गाव होते. तेथे कर्ज खजुरात फेडले जाई आणि दानही खजुरातच मोजले जाई. रमजान संपताना द्यावयाच्या दानाचे माप हदीसमध्ये एक ‘साअ’ खजूर किंवा जव असे सांगितले आहे. आजच्या हिशेबाने ते सुमारे अडीच ते तीन किलो भरते. प्रेषितांच्या पत्नी आयेशा सांगतात की घरात महिना महिना चूल पेटत नसे आणि ‘दोन काळ्या वस्तूंवर’, म्हणजे खजूर आणि पाणी यांवर, दिवस निघत.

मदिनेतील प्रेषितांची मशीदही याच झाडाची होती. खांब खोडांचे, छप्पर झावळ्यांचे; एका रमजानच्या रात्री पाऊस झाला तेव्हा ते गळले आणि सकाळच्या नमाजनंतर प्रेषितांच्या कपाळावर चिखल लागलेला दिसला, अशी नोंद आहे. ज्या खोडाला टेकून ते प्रवचन करीत, ते खोड नवे व्यासपीठ आल्यावर विरहाने हुंदके देऊ लागले, ही कथाही याच मशिदीतली. कुराणाच्या आयती, म्हणजे वचने, लिहून ठेवण्यासाठी पाने सोलून काढलेले झावळ्यांचे देठ वापरले जात. प्रेषितांच्या निधनानंतर पहिले खलिफा अबू बक्र यांच्या काळात प्रेषितांचे लेखनिक झैद इब्न साबित यांनी संहिता एकत्र केली, तेव्हा असे देठ, सपाट दगड आणि लोकांची स्मृती हीच त्यांची साधने होती.

कुराणात खजुराचा उल्लेख वीसेक वेळा येतो. त्यांतला सर्वांत परिचित प्रसंग येशूची आई मरियम हिचा : प्रसूतीच्या वेदनांनी ती खजुराच्या बुंध्याशी येते, तेव्हा तो बुंधा आपल्याकडे हलव म्हणजे ताजी पिकलेली फळे पडतील, असे तिला सांगितले जाते. मला मात्र त्याहून बोलके वाटतात ते खजुराच्या बीबद्दलचे तीन शब्द. बी हातात घेतली की तिच्या एका बाजूला लांब खाच दिसते; त्या खाचेतला धागा म्हणजे ‘फतील’, पाठीवरचा टाचणीच्या टोकाएवढा खळगा म्हणजे ‘नकीर’ आणि बीवरचा पातळ पापुद्रा म्हणजे ‘कित्मीर’. अगदी थोडेसुद्धा नाही, हे सांगताना आपण जसा तीळ वापरतो, तसे कुराणात हे शब्द येतात; ईश्वर तेवढाही अन्याय करीत नाही, हे पहिल्या दोन शब्दांनी सांगितले आहे. ज्यांनी आयुष्यभर खजूर खाऊन बिया थुंकल्या होत्या, त्यांना ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

खजुरात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे भरघोस पिकासाठी नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यात हाताने ठेवावा लागतो. मदिनेचे शेतकरी हे करताना पाहून, याचा काही उपयोग होत असेल असे वाटत नाही, असे मक्केहून आलेले प्रेषित म्हणाले. लोकांनी ते बंद केले आणि त्या वर्षी पीक खालावले. त्यावर, तुमच्या दुनियेतील व्यवहार तुम्हालाच अधिक कळतात, असे त्यांनी सांगितल्याचे हदीस आहे. धार्मिक आज्ञा आणि व्यावहारिक मत यांतील फरकाच्या चर्चेत आजही हा दाखला दिला जातो.

रोजा सोडण्याचा क्रमही ठरलेला आहे : ताजा रसरशीत ‘रुतब’, तो नसेल तर सुकलेला ‘तम्र’, तोही नसेल तर पाण्याचे घोट. म्हणजे हंगामात जे हाताशी असेल ते. सकाळी सात ‘अजवा’ खजूर खाणाऱ्याला त्या दिवशी विष आणि जादूटोणा बाधत नाही, असेही एक हदीस आहे. मदिनेच्या या काळसर, मऊ जातीला आज बाजारात जो भाव मिळतो, त्यात या हदीसचा वाटा मोठा आहे.

मराठी घरात ओटीत आणि पूजेत जी खारीक ठेवली जाते, तिचाही अरबी किनाऱ्याशी जुना संबंध आहे. ओमानमध्ये ‘मबसली’ जातीची फळे पूर्ण पिकण्याआधी, पिवळी व कडक असतानाच, मोठ्या कढयांत उकळून उन्हात वाळवतात, आणि असा माल पूर्वीपासून मोठ्या प्रमाणात भारतात येत आला आहे.