पारदर्शक लेपाची ॲल्युमिनियम चाके : सफाई व झिलई

ट्रकच्या ॲल्युमिनियम चाकांवर कारखान्यातच दिलेला रंगहीन लेप (क्लिअर कोट) न दुखावता त्यांवरील माती, मीठ, डांबर व लोहकण काढणे आणि चकाकी राखणे, हा या नोंदीचा विषय आहे. हा व्यवहार प्रामुख्याने अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील आहे. तेथे ‘ट्रक’ या शब्दात अठरा चाकी मालवाहू गाड्यांबरोबर घरगुती पिकअपही मोडतात. दोहोंची चाके मात्र एकसारखी नसतात. मालवाहू गाडीचे चाक बहुधा ६०६१ या मिश्रधातूच्या ठोकळ्यापासून दाबून घडवलेले व उष्णतेने मुरवून टी-६ या कणखर अवस्थेला आणलेले असते, तर पिकअपचे सहसा ए-३५६ या सिलिकॉनयुक्त मिश्रधातूचे ओतीव असून त्याचा दर्शनी भाग लेथवर कातून वर लेप दिलेला असतो.

ॲल्युमिनियमचे चाक पहिल्यांदा कोणी वापरले, याविषयी एकमत नाही. सामान्यतः बुगाटी कंपनीच्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या मोटारीला हा मान दिला जातो. ही मोटार १९२४ मध्ये लियाँ येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्ये आठ चपट्या आऱ्यांच्या ओतीव चाकांवर उतरली. त्या दिवशी टायरांनी दगा दिल्यामुळे चाकांचे कौतुक व्हायचे राहून गेले, ही गोष्ट वेगळी. काही लेखक अमेरिकेतील शर्यतीच्या मोटारींचे रचनाकार हॅरी मिलर यांचे काम त्याआधीचे मानतात. प्रत्यक्ष स्पर्धेत उतरल्याचा निश्चित पुरावा हा निकष लावल्यास १९२४ हेच वर्ष धरणे सोयीचे ठरते. मालवाहू ट्रकसाठीचे घडीव चाक अल्कोआ कंपनीने १९४८ मध्ये आणले. २२.५ × ८.२५ इंची घडीव चाक आज सुमारे १८ ते २२ किग्रॅ. भरते. त्याच मापाचे पोलादी चाक बहुधा ३० किग्रॅ.च्या पुढे जाते. वाचलेल्या वजनाइतका माल जास्त भरता येत असल्यामुळे या चाकांचा प्रसार झाला. चकाकी हा त्यावरचा लाभ होय.

चकाकी नेमकी कोणाची, धातूची की लेपाची, यावर सफाईची सारी रीत ठरते. उघड्या धातूच्या चाकावर पॉलिश घासले की फडके काळे पडते. हा काळेपणा सूक्ष्म धातुकणांचा व ऑक्साइडाचा असतो, मळाचा नव्हे. फडक्यावर पॉलिशचा मूळ रंगच राहिला, तर चाकावर लेप आहे असे समजावे. ही परीक्षा आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात करतात. धातूसाठी बनवलेले पॉलिश लेपावर वापरल्यास त्यातील अपघर्षकामुळे (घासून झिजवणाऱ्या कणांमुळे) लेपावर बारीक ओरखडे उठतात व चाक दुधाळ दिसू लागते. लेप कापडाने हलके पुसावा, फार तर मोटारीच्या रंगासाठीचे सौम्य पॉलिश व मेण लावावे. लेपाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजली जाते आणि प्रत्येक घासणीत त्यातला थोडा अंश कायमचा जातो. लेपातील जंबुपार किरण शोषणारी द्रव्येही त्याबरोबरच जातात.

दुरुस्तीला खरी दाद न देणारा दोष म्हणजे तंतुरूप संक्षारण, म्हणजे धाग्यांच्या रूपात पसरणारी धातूची झीज (फिलिफॉर्म करोजन). लेपाखाली पांढरट, नागमोडी धागे पसरत जातात. ‘चाकाला बुरशी आली’ असे पाहणाऱ्याला वाटते, पण बुरशीशी याचा काही संबंध नाही. लाखेचा लेप दिलेल्या पोलादावरील या प्रकाराचे वर्णन शारमन या संशोधकांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केले. ॲल्युमिनियमवर तो पुढे विमानांच्या रंगवलेल्या पत्र्यांमुळे विशेष लक्षात आला. दगड लागून लेपाला टवका उडाला किंवा कातलेल्या धारेवर तो पातळ राहिला की तेथून क्लोराइड व ओलावा आत शिरतो. धाग्याचे टोक आम्लधर्मी असते व तेथे धातू विरघळतो, म्हणजे ते धनाग्राचे काम करते. मागील शेपटीतून झिरपणारा ऑक्सिजन टोकाच्या पाठीशी पोहोचतो आणि तेथे ऋणाग्र तयार होते. शेपटीत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडाचा वाळलेला पांढरा साका उरतो. धाग्याची रुंदी बहुधा मिलिमीटरच्या अंशात असते. एक धागा सहसा दुसऱ्याला छेदून जात नाही, तो वळतो किंवा थांबतो. साधारणतः ७५ ते ९५ टक्के सापेक्ष आर्द्रता याला मानवते.

लेप धातूपासून सुटतो कसा, याविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे ऋणाग्राशी निर्माण होणारे अल्क लेपाची पकड सोडवते. दुसऱ्या मताप्रमाणे टोकापाशी खालचा धातूच विरघळतो व लेप अधांतरी राहतो. पोलादाच्या बाबतीत पहिल्या मताला आधार असला, तरी ॲल्युमिनियमसाठी दुसरे अधिक जुळते असे दिसते. १९९० च्या दशकात नॉर्वेतील संशोधकांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर काम करून आणखी एक मुद्दा पुढे आणला. लाटताना किंवा घासताना पृष्ठालगतचा अतिशय पातळ थर विस्कटतो व तोच अधिक क्रियाशील होतो. रंगाआधी अल्काने हा थर कोरून काढल्यास धागे कमी पसरतात. लेथवर कातलेल्या पिकअप-चाकांना हा दोष का जडतो, याचा काही उलगडा यावरून होऊ शकेल. कारण काहीही असो, धागे लेपाच्या खाली असल्यामुळे वरून कितीही घासले तरी ते जात नाहीत. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ, कॅल्शियम क्लोराइड व मॅग्नेशियम क्लोराइड टाकतात. शेवटची दोन हवेतील ओलावा ओढून घेत असल्याने चाक वरवर वाळलेले दिसले तरी त्याच्या सांध्यांत ओल टिकते. म्हणून हिवाळ्यात वरचेवर साध्या पाण्याने धुणे हीच सर्वांत उपयोगी सफाई मानावी लागते.

धुण्याच्या द्रवांबाबत धातूचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. ॲल्युमिनियम उभयधर्मी आहे. त्यावरील नैसर्गिक ऑक्साइडाचा थर साधारण ४ ते ८.५ या पीएच मर्यादेत टिकतो, त्याबाहेर आम्ल व अल्क दोन्ही त्याला खातात. धुण्याच्या सोड्याने काळे पडलेले जर्मनचे पातेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. अखंड लेप काही काळ बचाव करतो, टवका उडालेल्या जागी मात्र द्रव थेट धातूला भिडतो. त्यामुळे उदासीन साबण, मऊ ब्रश, चाक थंड असताना सावलीत धुणे आणि द्रव वाळू न देणे, एवढे पाळतात. ब्रेकच्या झिजेतून चाकावर बसणाऱ्या लोहकणांसाठी थायोग्लायकोलेटयुक्त द्रव वापरतात. लोहाशी संयोग होऊन तो जांभळा ओघळतो, वासही उग्र येतो. तथापि अवजड गाड्यांना अजूनही बहुतांशी ड्रम ब्रेक असून त्यांची धूळ बरीचशी ड्रमच्या आतच राहत असल्याने ही गरज पिकअपला अधिक.

ट्रक धुण्याच्या ठिकाणी ‘ब्राइटनर’ म्हणून मिळणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लुओराइड असते. लेपाच्या चाकाला ते निरुपयोगी आणि माणसाला घातक आहे. हे आम्ल त्वचेतून खोल उतरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते, आणि सौम्य असल्यास दाह काही तासांनी सुरू होतो. वॉशिंग्टन राज्यातील वाहनधुलाई उद्योगात २००१ ते २०१३ या काळात अशा इजा झालेले ४८ कामगार २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालात नोंदले आहेत. प्रथमोपचार म्हणून भरपूर पाण्याने धुऊन कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप लावतात व लगेच रुग्णालय गाठतात.

लेप खराब झाल्यावर काही मालक तो पूर्ण काढून चाक उघडे ठेवतात व कापडी बफ आणि पॉलिशच्या वड्यांनी आरशासारखे करतात. लेप काढण्यासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे मिथिलीन क्लोराइड २०१९ पासून अमेरिकेत किरकोळ ग्राहकाला विकता येत नाही. कॉस्टिक सोड्याने लेपाबरोबर धातूही कोरला जातो. भट्टीत भाजून पावडरचा नवा लेप देणेही निर्धोक नाही, कारण टी-६ ही अवस्था मर्यादित तापमानावर मुरवून आणलेली असते व जादा उष्णतेने धातू नरम पडतो. हबला टेकणाऱ्या व नट बसणाऱ्या पृष्ठांवर तर नवा लेप मुळीच नको. तो दबतो आणि ६१० ते ६८० न्यूटन-मीटरने आवळलेले एम-२२ नट सैल होऊन चाक निखळू शकते. अल्कोआची ‘ड्युरा-ब्राइट’ प्रक्रिया हा वेगळा मार्ग आहे. तीत वरून लेप न देता पृष्ठभागावरच प्रक्रिया केलेली असते. अशा चाकालाही अपघर्षक पॉलिश व तीव्र आम्ले वर्ज्य आहेत.

उघड्या चाकांच्या झिलईचे प्रदर्शन पाहायचे तर आयोवा राज्यातील वॉलकॉट येथे १९७९ पासून भरणारा ट्रकचालकांचा मेळावा प्रसिद्ध आहे. भारतात लेपाची ॲल्युमिनियम चाके मुख्यतः मोटारींना दिसतात व ‘अलॉय’ या नावाने ओळखली जातात. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत त्यांच्या बाबतीतही टवक्यांवर लक्ष ठेवणे इष्ट होय.