सिरोडिलचं जंगल कुठे गेलं?

2025च्या एप्रिलमध्ये ‘ओब्लिव्हियन’ हा 2006चा व्हिडिओ गेम नव्या रंगरूपात आला. 2006 साली जे शाळेत होते किंवा जन्मलेही नव्हते, अशा बऱ्याच जणांनी तेव्हा पहिल्यांदा सिरोडिल हा त्यातला काल्पनिक प्रदेश पाहिला. हिरवे उतार, दगडी पूल, थंड हवेतली झाडं. त्यातले चिकित्सक जुनी माहिती चाळू लागले आणि अडखळले. कारण ‘ओब्लिव्हियन’ ज्या ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला, तिनेच 1998 साली याच प्रदेशाचं वर्णन दमट, घनदाट अरण्य असं केलं होतं. भात आणि कापड ही तिथली मुख्य निर्यात. भात पिकवणारं साम्राज्य हे आपल्याकडच्या वाचकाला युरोपीय किल्ल्यांपेक्षा नक्कीच जवळचं वाटलं असतं. मग ते गेलं कुठे?

उत्तरासाठी ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेच्या अगदी सुरुवातीला जावं लागतं. या मालिकेत बहुतेकदा नाव आधी येतं आणि त्याचा अर्थ कित्येक वर्षांनी लागतो.

बेथेस्डा या कंपनीच्या या मालिकेतला पहिला खेळ मार्च 1994चा, ‘अरीना’, म्हणजे आखाडा. मूळ कल्पना अशी की योद्ध्यांचा चमू घेऊन गावोगाव हिंडायचं आणि तिथल्या आखाड्यांत झुंजायचं. काम पुढे सरकत गेलं तसा आखाडा मागे पडला, भटकंती आणि कथानक वाढलं, आणि शेवटी झुंजी उरल्याच नाहीत. पण जाहिराती आणि वेष्टनं ‘अरीना’ या नावाने आधीच तयार झाली होती. नाव बदलणं परवडणारं नव्हतं, म्हणून गोष्ट बदलली: टॅमरिएल या खेळातल्या काल्पनिक खंडावर इतकी वर्षं रक्तपात चाललाय की लोक त्या भूमीलाच आखाडा म्हणतात. मालिकेतली ही पहिली सारवासारव. ‘एल्डर स्क्रोल्स’ हे वरचं नावही असंच चिकटलं. प्रमुख रचनाकार होते विजय लक्ष्मण. हे नाव त्यांनी सुचवलं, आणि त्या वेळी त्याचा नेमका अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, असं सहकारी टेड पीटरसन यांनी पुढे सांगितलं. ‘एल्डर स्क्रोल्स’ म्हणजे प्राचीन गुंडाळ्या; त्या खेळाडूच्या हाती लागायला ‘ओब्लिव्हियन’ उजाडावा लागला, आणि कथेच्या केंद्रस्थानी त्या आल्या थेट 2011च्या ‘स्कायरिम’मध्ये.

मुंबईकराला यात नवल वाटायचं कारण नाही. काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यामुळे पडलं, तो घोडेस्वार सातवा एडवर्ड 1965 साली तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. पुढची पन्नासेक वर्षं घोडा नसलेल्या चौकाला लोक काळा घोडाच म्हणत राहिले. 2017 साली तिथे नवा काळा घोडा उभा राहिला, या वेळी स्वाराशिवाय. आधी घोड्यामुळे नाव होतं, मग नावामुळे घोडा आला. टॅमरिएलचा सगळा नकाशा जवळजवळ याच रीतीने भरला गेलाय.

‘अरीना’च्या नकाशावर अख्खा खंड होता, पण गावांच्या नावांमागे फारसं काही नव्हतं. नाव, एक सराई, एक राजवाडा, झालं. मॉरोविंड प्रांतातल्या एका ज्वालामुखी भुयाराचं नाव होतं डागोथ-उर. जादूच्या दंडाचा एक तुकडा तिथून आणायचा, एवढंच त्याचं काम. 2002च्या ‘मॉरोविंड’मध्ये डागोथ उर हा एका बुडालेल्या घराण्याचा प्रमुख झाला. सोन्याचा मुखवटा चढवून तो रेड माउंटनच्या पोटात बसलेला असतो. स्थळाचं माणूस झालं आणि त्या माणसाभोवती एक अख्खा धर्म, एक फसवणूक आणि तीन खोटे-खरे देव उभे राहिले. माझ्या मते मालिकेतलं सगळ्यात देखणं रूपांतर हेच, आणि त्याचं बीज काय तर 1994च्या नकाशावरचं एक दचकवणारं नाव.

स्कायरिम प्रांताच्या बाबतीत प्रवास उलटा झाला. ‘अरीना’त तिथे स्नो हॉक आणि अमोल अशी वस्तीची ठिकाणं होती. 2011मध्ये त्यांचे किल्ले झाले: फोर्ट स्नोहॉक, फोर्ट अमोल. (अमोल नावाचे मित्र ज्यांना आहेत त्यांनी या किल्ल्यावरून केलेले विनोद इथे देत नाही.) मार्कार्थ साइडमधलं ‘साइड’ गळून पडलं. विंटरहोल्ड तर मोठं शहर होतं. नव्या खेळात त्याची जेमतेम चार घरं उरली. कथेत कारण दिलंय की चौथ्या युगाच्या 122व्या वर्षी शहराचा बराचसा भाग समुद्रात कोसळला. एकेक घर आतून-बाहेरून हाताने सजवायचं, तर नऊ मोठी शहरं बांधणं कुणालाही जड जाणार, हे त्यामागचं व्यवहारी कारण असावं असा माझा तर्क. पण त्या दुर्घटनेमुळे जादूगारांच्या विद्यापीठावर गावकऱ्यांचा जो राग आहे, त्यातून अख्खं कथानक निघालं. अडचण झाकायला आणलेल्या पडद्यावरच चित्र काढण्याचा हा प्रकार.

आता जंगलाकडे. मालिकेतल्या 1998च्या ‘रेडगार्ड’ या खेळासोबत खोक्यात एक पुस्तिका येई, साम्राज्याची खिशात मावणारी मार्गदर्शिका. मायकेल कर्कब्राइड आणि कर्ट कुलमन हे त्यामागचे मुख्य लेखक. पुस्तिका साम्राज्याच्या तोंडची होती, म्हणजे उघड प्रचारकी, आणि वर तिच्यात शत्रुपक्षातल्या एका वाचकाने समासात खरडलेले शेरे छापलेले होते. इथेच मालिकेला तिची पद्धत सापडली. यानंतर कोणतीही माहिती खेळाच्या कर्त्यांनी सांगितलेली राहिली नाही. ती टॅमरिएलमधल्या कुणीतरी लिहिलेली असते आणि त्या कुणाचा तरी त्यात स्वार्थ असतो. चूक झाली तर ती लेखकाच्या माथी.

आमच्या पिढीतल्या पुष्कळ मुंबईकर खेळाडूंनी ती पुस्तिका कधी पाहिलीच नाही. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या नकली सीडीसोबत पुस्तिका कुठून येणार? सायबर कॅफेत तासाच्या भावाने काउंटर-स्ट्राइक खेळता येई. महिनाभर एकच पात्र सांभाळायचा खेळ तिथे जमत नसे. त्यामुळे घरी संगणक आल्यावर बहुतेकांची ओळख थेट ‘ओब्लिव्हियन’ किंवा ‘स्कायरिम’पासून झाली आणि हा इतिहास आपण उलटा, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत गेलो. जंगलाचा प्रश्न आपल्याला उशिरा पडला त्याचं हेही एक कारण.

‘मॉरोविंड’च्या राखेच्या वावटळी आणि महाकाय बुरशीच्या घरांनंतर ‘ओब्लिव्हियन’चे रचनाकार रुळलेल्या, युरोपीय धाटणीच्या कल्पनाविश्वाकडे वळले. अरण्य गेलं. पुढे ‘स्कायरिम’मध्ये त्याचं स्पष्टीकरण एका अनपेक्षित माणसाच्या तोंडून आलं. व्हाइटरन शहराच्या चौकात हाइमस्कर नावाचा पुजारी दिवसभर ओरडत असतो. सगळे त्याला टाळून जातात. पण त्याचं प्रवचन नीट ऐकलं तर त्यात तालोस आपल्या सैनिकांना सांगतो की तुम्हाला हे जंगल आवडत नाही हे मला दिसतंय, आणि मग तो ही भूमीच बदलून टाकतो. थोडक्यात, देव झालेल्या सम्राटाने सैन्यावरच्या प्रेमापोटी हवामान बदललं.

हे छान जमलं होतं. मग 2014 साली ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ आला. तो घडतो तालोसच्या जन्माच्याही आधी, आणि त्यातही सिरोडिल तसंच थंड हवेचं! चमत्कार घडायच्या आधीच त्याचा परिणाम हजर. यावर त्या खेळात फ्रास्टस नावाच्या पंडिताचं मत येतं: जंगल वगैरे काही नव्हतंच, जुन्या ग्रंथाची नक्कल करणाऱ्याने घोळ घातला. हे उत्तर फार कोरडं आहे. लेखनिकाच्या डुलकीवर एवढं मोठं अरण्य उडवायचं म्हणजे रसभंग. सुदैवाने लेडी सिनाबार नावाची दुसरी विदुषी त्याच खेळातल्या एका पुस्तकात फ्रास्टसशी वाद घालते आणि जंगलाची शक्यता उघडी ठेवते. कुणाचं खरं, याचा निकाल कर्त्यांनी दिलेला नाही.

निकाल न देण्याची ही सवय लागली ती 1996च्या ‘डॅगरफॉल’नंतर. त्या खेळाला अनेक शेवट होते. न्यूमिडियम या महाकाय यंत्रपुरुषाला चालवणारी वस्तू कुणाला द्यायची हे खेळाडू ठरवी, आणि त्यावर इलियाक उपसागराचं राज्य कुणाकडे जाणार हे ठरे. पुढचा खेळ काढायचा तर यातला एक शेवट खरा मानून बाकीच्यांच्या कष्टांवर पाणी सोडायला हवं. बेथेस्डाने सगळेच शेवट खरे मानले. काळाचा देव अकातोश ड्रॅगनरूपी; तो काही दिवसांपुरता भंगला आणि परस्परविरोधी घटना एकाच वेळी घडल्या. ‘मॉरोविंड’मधल्या पुस्तकांनी या ‘ड्रॅगन ब्रेक’ची संकल्पना रुजवली आणि ‘ओब्लिव्हियन’मधल्या एका पुस्तकात इलियाकच्या त्या उलथापालथीची हकिकत सविस्तर आली. उपसागराभोवतीची कित्येक छोटी संस्थानं एका झटक्यात गिळली जाऊन चार उरली: डॅगरफॉल, वेरेस्ट, सेंटिनेल आणि ऑर्कांचं ओर्सिनियम. मॅनिमार्को नावाचा मांत्रिक त्या गोंधळात देवही झाला आणि मर्त्यही राहिला, त्यामुळे ‘ओब्लिव्हियन’मध्ये त्याला मारता येतं आणि त्याचा मानला जाणारा चंद्रही आकाशात असतो. कुणाला ही पळवाट वाटेल. मला तरी ती अनेक खेळाडूंच्या निवडींचा मान राखणारी युक्ती वाटते.

असंच खाजीत या मांजरासारख्या जमातीचं. ‘अरीना’त ते जवळजवळ माणसांसारखे दिसत, पुढे शेपटी आली, मग पूर्ण मार्जारमुख. उत्तर असं की जन्माच्या वेळी दोन चंद्रांच्या कला जशा असतील तसं खाजीताचं रूप ठरतं. चित्रकारांच्या बदलत्या हातांना आकाशाचा आधार मिळाला.

जून 2018मध्ये मालिकेच्या सहाव्या खेळाची छोटी झलक दाखवली गेली: डोंगर, किनारा, बस. तेव्हापासून तो कुठल्या प्रांतात घडणार, हॅमरफेल की हाय रॉक, हा वाद चालूच आहे. दोन्ही प्रांत इलियाक उपसागराला लागून आहेत, म्हणजे ‘डॅगरफॉल’च्या त्या हजारो संगणकनिर्मित गावांच्याच मुलखात. त्यातली मोजकी नावं निवडावी लागतील, उरलेल्यांचं काय झालं ते कुणाच्या तरी पुस्तकात लिहावं लागेल. आणि ओर्सिनियम नेमकं कुठे दाखवायचं हेही ठरवावं लागेल, कारण ते आजवर इतक्यांदा उद्ध्वस्त होऊन नव्या जागी वसलंय की ‘स्कायरिम’च्या काळात ते हॅमरफेल आणि स्कायरिमच्या सीमेवरच्या डोंगरांत जाऊन पोचलेलं आहे.