पार्श्वभूमी : साब्राथाचे नाट्यगृह कुणी उभे केले?

लिबियात, त्रिपोलीच्या पश्चिमेला सुमारे ७० किलोमीटरवर, साब्राथा हे रोमन शहर समुद्राला खेटून पसरले आहे. मूळचे हे फिनिशियन या दर्यावर्दी व्यापाऱ्यांचे बंदर. रोमजवळच्या ऑस्टियात इथल्या व्यापाऱ्यांची पेढी होती. तिच्या दारातल्या फरशीवर हत्तीचे चित्र आजही दिसते. पुढे इ.स. ३६५ चा भूकंप झाला, मग शहराला उतरती कळा लागली. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, राजवटीत तटबंदी आक्रसली आणि नाट्यगृह तटाबाहेर पडले.

पर्यटक आज नाट्यगृहातल्या रंगमंचामागच्या ज्या तीन मजली स्तंभांच्या भिंतीपुढे थक्क होऊन उभे राहतात, ती अठराशे वर्षे तशीच उभी नव्हती. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ही भिंत कोसळली होती. इटालियन वसाहतीच्या काळात उत्खनन झाले, पडलेले खांब आणि त्यांची शीर्षे जागेवर चढवली गेली, जे सापडले नाही ते नव्याने घडवले. १९३७ मध्ये इटलीच्या हुकूमशहासमोर इथे ग्रीक शोकांतिकेचा प्रयोग झाला.

वाद आहे तो नाट्यगृह असे पुन्हा उभे करण्याच्या निर्णयाचा. ‘ही जमीन रोमची, म्हणजे आमचीच’ हे दाखवण्यासाठी त्या राजवटीला उभे नाट्यगृह हवे होते. त्याच दशकाच्या सुरुवातीला पूर्व लिबियात हजारो कुटुंबे छावण्यांत कोंडली गेली आणि प्रतिकाराच्या वृद्ध नेत्याला १९३१ मध्ये फाशी दिली गेली. हे न सांगता नाट्यगृह दाखवणे मला अप्रामाणिक वाटते. कारागिरांचे कसब मात्र नाकारता येत नाही. मूळचे तुकडे पुन्हा रचावेत, नवे साहित्य ओळखू यावे, असे जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी १९३१ मध्ये झालेल्या अथेन्स परिषदेत ठरलेच होते. याच विषयावरच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने मूळचे तुकडे रचण्यापलीकडच्या पुनर्बांधणीला दारच बंद केले. आजच्या नियमांत इतके मोठे काम बसणे कठीण.

रंगमंचाच्या दर्शनी कठड्यावरचे संगमरवरी शिल्पपट मात्र रोमन काळातलेच आहेत. त्यात रोम आणि साब्राथा या दोन नगरदेवता हातात हात घेऊन उभ्या आहेत. भेट देणाऱ्याने आधी खाली वाकून हे पाहावे, मग मान वर करावी.

१९८२ मध्ये साब्राथा जागतिक वारसा यादीत आले, २०१६ मध्ये धोक्यातील वारशांत गेले. २०१७ च्या सशस्त्र चकमकींत नाट्यगृहावर गोळ्या लागल्या. खारा वारा तर वालुकाश्म रोजच झिजवतो. आता डागडुजी करताना दुसऱ्या शतकातला दगड कोणता आणि १९३० च्या दशकातला कोणता, हे आधी ठरवावे लागेल.