पूलच्या पाण्याला उग्र वास येतोय? मग हे वाचा

पाण्याला वास येतोय, डोळे चुरचुरतायत, क्लोरीन जास्त पडलंय का, असं बरेच ग्राहक विचारतात. बहुतेक वेळा उलटंच असतं, क्लोरीन कमी पडलेलं असतं. घाम, लघवी, अंगावरचं क्रीम पाण्यात उतरलं की क्लोरीन त्यातच खर्च होतं आणि क्लोरामाइन तयार होतं, तो उग्र वास आणि लाल डोळे त्याचेच. इनडोअर पूलमध्ये ते हवेत साठून खोकलाही येतो, म्हणून तिथे एक्झॉस्ट चालूच ठेवा.

फ्री क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं क्लोरीन, १ ते ३ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत १ ते ३ भाग) आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप, ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा, पूल उघडायच्या आधी आणि गर्दी असेल तर दिवसात मधे मधे पण चेक करा. पीएचकडे लोक बघतच नाहीत, पण तो ८ च्या वर गेला की टाकलेल्या क्लोरीनचा बराचसा भाग नीट कामच करत नाही, पैसे पण वाया आणि जंतू पण तसेच. उघड्या पूलमध्ये उन्हाने क्लोरीन उडतं म्हणून शॉक, म्हणजे एकदम दिलेला क्लोरीनचा मोठा डोस, संध्याकाळी द्या, आणि क्लोरीनचं रीडिंग खाली आल्याशिवाय कोणालाही आत सोडू नका.

पाणी गढूळ असेल, तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर पूल सरळ बंद करा. बुडणारा माणूस दिसणारच नाही, बाकी सगळं नंतर.

केमिकल हाताळताना कृपया घाई करू नका. क्लोरीन आणि ॲसिड कधीच एकत्र करायचं नाही, विषारी गॅस निघतो. दाणेदार हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोरच्या गोळ्या, हे क्लोरीनचेच दोन प्रकार, पण एकमेकांत नकोत, आग लागू शकते, अगदी मापाचा डबा सुद्धा वेगळा ठेवा. केमिकल पाण्यात टाका, केमिकलवर पाणी ओतू नका. ग्लोव्हज, गॉगल घाला आणि डबे मुलांच्या हाती लागणार नाहीत असे कुलपात ठेवा.

पोहणाऱ्यांना एवढंच सांगा की आधी एक मिनिट शॉवर घ्या, पाणी गिळू नका, लहान मुलांना तासातासाला बाथरूमला न्या. आणि जुलाब होत असतील तर पाण्यात उतरूच नका, कारण क्रिप्टो नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्ये सात दिवसांहून जास्त जगतो, त्याचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबायचं.